डोळ्यांनीं शिकलेली इंग्रजी

इंग्रजी अमदानींतल्या कायद्याच्या पुस्तकांत, हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांखेरीज जे इतर न्यायाधीश असत, त्यांच्या पदामागें एक विशेषण लावलेलें आढळतें. त्याचीं अक्षरें अशीं: पी, यू, आय्, एस्, एन्, ई. वाचकांनीं क्षणभर थांबून हा शब्द मनांतल्या मनांत उच्चारून पाहावा. कोणी ‘पुइस्ने’ म्हणतील, कोणी ‘प्विझ्न’ म्हणतील, कोणी थोड्या धारिष्टानें ‘पायझनी’ म्हणतील. ह्यांपैकीं एकहि उच्चार बरोबर नाहीं. इंग्रज माणूस ह्या शब्दास ‘प्यूनी’ म्हणतो. ‘किरकोळ, लहानखुरा’ ह्या अर्थाचा जो ‘प्यूनी’ शब्द शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असतो, तो आणि हा उच्चारांत तिळभरहि निराळे नाहींत.

आमच्या आजोबांना हें ठाऊक नव्हतें. कोंकणांतल्या एका शाळेंतून मॅट्रिक होऊन, पुढें पुण्यास वार लावून जेवून त्यांनीं वकिलीची परीक्षा दिली आणि तालुक्याच्या गांवीं बिऱ्हाड मांडलें. इंग्रजी त्यांना उत्तम येत असे. म्हणजे वाचतां उत्तम येत असे व लिहितां त्याहून उत्तम. परंतु ती बोलणारा इंग्रज त्यांनीं आयुष्यांत फारसा ऐकला नव्हता. १९३० च्या सुमारास एका अपिलाच्या कामीं ते जिल्ह्याच्या कोर्टांत उभे राहिले, आणि हायकोर्टाच्या एका निवाड्याचा हवाला देतांना त्यांनीं मोठ्या आवाजांत ‘पुइस्ने’ म्हटलें. न्यायाधीशमहाराजांनीं लेखणी खालीं ठेविली, चष्म्यावरून पाहिलें, आणि लहान मुलास शिकवावें तसा तो शब्द सावकाश उच्चारून दाखविला. मागच्या बांकावरचे दोघेतिघे बॅरिस्टर हंसले. अपील आजोबांनीं जिंकलें; पक्षकारानें घरीं पेढे आणून दिले. पुढें अपील कसलें होतें हें त्यांना नीटसें आठवत नसे. हंसणारांचे चेहरे मात्र अखेरपर्यंत आठवत.

त्या रात्रीं त्यांनीं आपला जाडजूड इंग्रजी कोश खालीं काढला, आणि पुढें जवळजवळ तीस वर्षें ते त्याच्या समासांत देवनागरींत उच्चार लिहीत राहिले. तो कोश आतां माझ्यापाशीं आहे. पाठीवरचें कातडें गेलें आहे, पानें पिवळीं पडलीं आहेत, परंतु बोरूनें काढल्यासारखीं तीं बारीक वळणदार अक्षरें अजून स्वच्छ वाचतां येतात. हा लेख बहुतेक त्या समासांवरूनच लिहिला आहे.

‘प्यूनी’चा अर्थ पाहूं. इंग्लंडवर १०६६ सालीं नॉर्मन लोकांचें राज्य आलें तेव्हांपासून तेथील कोर्टांत फ्रेंच भाषा बोकाळली. १३६२ सालीं पार्लमेंटनें कायदा करून, वाद इंग्रजींत चालवावे असें ठरविलें, तरी वकीलमंडळींनीं आपली मोडकीतोडकी फ्रेंच सोडली नाहीं. अखेर १७३३ पासून ती कायद्यानेंच बंद करावी लागली. (आपल्याकडे पेशवाई गेल्यावरहि ‘फिर्याद’, ‘वकील’, ‘दावा’, ‘मुद्देमाल’ हे शब्द कचेरींतून हलले नाहींत, त्यांतलाच हा प्रकार.) जुन्या फ्रेंचमध्यें ‘प्वी’ म्हणजे ‘नंतर’ व ‘ने’ म्हणजे ‘जन्मलेला’. ह्या दोहोंचा जोड म्हणजे ‘मागून जन्मलेला’, अर्थात् कनिष्ठ. १८९३ सालीं महादेव गोविंद रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले ते ह्याच अर्थानें ‘प्यूनी’. त्यांच्या थोरपणाशीं त्या विशेषणाचा कांहीं संबंध नव्हता. सामान्य लोकांनीं हाच शब्द कानानें उचलला, ऐकला तसा लिहिला, आणि त्याचा अर्थ घसरत घसरत ‘क्षुद्र’ येथवर आला. वकिलांनीं स्पेलिंग जुनेंच ठेविलें, म्हणून अर्थहि जुना राहिला. आजोबांनीं समासांत एकच शब्द लिहून ठेविला आहे: ‘अनुज’. ह्याहून नेमकें भाषांतर कोणास सुचेल असें मला वाटत नाहीं.

इंग्रजी स्पेलिंगास हंसणें सोपें आहे, आणि इंग्रज स्वतःहि तें पुष्कळ हंसले आहेत. जी, एच्, ओ, टी, आय् ह्या अक्षरांचा उच्चार ‘फिश’ असा करतां येईल, हा विनोद बर्नार्ड शॉचा म्हणून सांगतात; वास्तविक तो शॉच्या जन्माआधींच, १८५५ च्या एका पत्रांत आलेला आहे. (‘इनफ’मधील जी-एच्, ‘विमेन’मधील ओ आणि ‘नेशन’मधील टी-आय् जोडून पाहा.) परंतु ह्या घोटाळ्यास कारणें आहेत, आणि तीं कळलीं म्हणजे राग थोडा निवळतो. कॅक्स्टननें १४७६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला व स्पेलिंग हळूहळू गोठूं लागलें. नेमक्या त्याच काळांत, म्हणजे सुमारें १४०० पासून १७०० पर्यंत, इंग्रजांच्या तोंडांतले दीर्घ स्वर एकामागून एक आपल्या जागा सोडून सरकत होते. लेखणी थांबली, जीभ चालत राहिली. ‘नाइट’मधील जी-एच् कोणीं उगाच घातलेले नाहींत, एके काळीं ते घशांतून खरोखर उच्चारले जात. आपल्या जुन्या वाड्यांत पागा शिल्लक असते आणि घोडा नसतो, तसे ते राहिले आहेत.

सगळींच मूक अक्षरें मात्र इतकीं प्रामाणिक नाहींत. कांहीं पंडितांनीं मागाहून घुसडलेलीं आहेत. ‘डेट’ म्हणजे कर्ज हा शब्द इंग्रज पूर्वीं बी-वांचून सरळ लिहीत असत. लॅटिनांत ‘देबितुम्’ आहे असें ज्यांना ठाऊक होतें, त्यांनीं आपली विद्वत्ता दाखविण्यासाठीं मध्यें बी बसविला. तो तेव्हांहि कोणी उच्चारला नाहीं, आजहि कोणी उच्चारीत नाहीं. ‘आयलंड’मधला एस् असाच, आणि तो तर चुकीच्या व्युत्पत्तीवर बसविलेला, लॅटिन ‘इन्सुला’शीं त्या शब्दाचें नातेंच नाहीं. थंड प्रदेशांत ‘टार्मिगन’ नांवाचा एक पांढरा पक्षी असतो. त्याचें नांव स्कॉटलंडच्या गेलिक भाषेंतलें. परंतु कोणा विद्वानास तें ग्रीक वाटलें, म्हणून त्यानें आरंभीं पी लाविला. त्या बिचाऱ्या पक्ष्यास ग्रीस देशाचें वारेंहि लागलें नव्हतें. पंडितांनीं विद्वत्तेपायीं लोकांची बोली अशी अवघड करून ठेवावी, हें आपल्याहि भाषेंत घडलें नाहीं असें छातीस हात लावून कोणास सांगतां येईल?

ह्या साऱ्यांत एक गंमत आहे. आपल्या शिपायांनीं, खानसाम्यांनीं आणि हमालांनीं जे इंग्रजी शब्द उचलले, ते त्यांनीं कानानें उचलले, आणि म्हणून ते बहुधा बरोबर उचलले. ‘कर्नल’ हा शब्द घ्या. इंग्रजी स्पेलिंगांत र कोठेंहि नाहीं, एल् मात्र दोन आहेत. इटालियन भाषेंत पलटणीच्या स्तंभाच्या नायकास ‘कोलोनेल्लो’ म्हणत; फ्रेंचांनीं त्यांतल्या एका लचा र केला; इंग्रजांनीं दोन्ही रूपें घेतलीं, आणि शेवटीं एकाचें लेखन ठेवून दुसऱ्याचा उच्चार ठेविला. ए-बी-सी न शिकलेला आमचा शिपाई ‘कर्नलसाहेब’ म्हणे तें अगदीं लंडनच्या जवळचें होतें. तोच शब्द प्रथम पुस्तकांत भेटलेला पदवीधर ‘कोलोनेल’ म्हणून फसे. ‘लेफ्टनंट’मध्यें एफ् नाहीं; मराठींत फ आहे. ‘सार्जंट’चेंहि तसेंच. विद्या डोळ्यांवाटे आली कीं कान बहिरे होतात, असें आजोबा स्वतःविषयीं म्हणत.

मग खरा उच्चार कोणता हें ठरवावयाचें कोणीं? सॅम्युएल जॉन्सननें १७५५ सालीं आपला प्रचंड कोश प्रसिद्ध केला, त्यांत आघात कोठें द्यावा एवढेंच दाखवून तो उच्चाराच्या भानगडींतून बाहेर पडला. त्याचें कारण त्यानें पुढें बॉस्वेलपाशीं सांगितलें. ‘ग्रेट’ ह्या साध्या शब्दाविषयीं त्यानें दोन थोर पुरुषांचें मत घेतलें होतें. लॉर्ड चेस्टरफील्ड म्हणाले, त्याचें यमक ‘स्टेट’शीं जुळावें, सर विल्यम यंग म्हणाले, ‘सीट’शीं जुळावें, आणि आयरिश माणसावांचून दुसरा कोणी ‘ग्रेट’ म्हणणार नाहीं. एक उमरावांच्या सभेंतला पहिल्या प्रतीचा वक्ता, दुसरा लोकसभेंतला. राज्यांतले दोन उत्तम वक्ते जेथें भांडतात, तेथें कोशकारानें निवाडा काय द्यावा? पुढें १७८० सालीं टॉमस शेरिडननें उच्चारांचा कोश काढला; त्याची थट्टा जॉन्सननें आधींच केली होती. कारण शेरिडन होता डब्लिनकडचा, आणि इंग्रजांना इंग्रजी बोलण्यास शिकविण्याचा अधिकार आयरिश माणसास कोठून आला? ‘ग्रेट’च्या बाबतींत मात्र शेवटीं आयरिश म्हणून हिणविलेला उच्चारच टिकला. १७९१ मध्यें जॉन वॉकरचा कोश आला. हाहि पूर्वाश्रमींचा नट. त्यानें स्वरांवर आंकडे घालून प्रत्येक शब्द कसा म्हणावा तें दाखविलें, आणि त्यानंतर तीनचार पिढ्या सभ्य कुटुंबांत त्याचा शब्द प्रमाण मानला गेला.

व्याख्येच्या बाबतींत जॉन्सन असा मागें हटला नाहीं. आणि तेथेंच तो एकदां पुरता फसला. घोड्याच्या खुरावरच्या भागास इंग्रजींत ‘पॅस्टर्न’ म्हणतात. जॉन्सननें त्याचा अर्थ घोड्याचा गुडघा असा दिला. एका बाईंनीं त्याला विचारलें, आपण असें कसें लिहिलेंत? सारे वाटत होते कीं आतां हा कांहीं तरी गहन उत्तर देईल. त्यानें सांगितलें, निव्वळ अज्ञानामुळें. आजोबांना ही गोष्ट फार प्रिय होती. मात्र ‘नेटवर्क’ म्हणजे जाळें, ह्या सोप्या शब्दाची जॉन्सननें जी व्याख्या केली, ती समजण्यासाठीं त्याच्याच कोशांत आणखी तीन ठिकाणीं पाहावें लागतें. आपल्याकडचा अनुभव ह्याहून निराळा नाहीं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, व इंग्रजीवरून मराठींत नेणारा मोठा कोश १८४७ सालीं टॉमस कँडीच्या हातून पुरा झाला. तेव्हांपासून आजवर अवघड इंग्रजी शब्दाखालीं त्याहून अवघड संस्कृत शब्द ठेवण्याची चाल आपल्या कोशांत पडून गेली आहे. इंग्रजी नवें असेल तर संस्कृतहि नवेंच असतें, आणि वाचक दोन अज्ञानांच्या मध्यें उभा राहतो.

तथापि कधीं कधीं त्या संस्कृत शब्दांतूनच उजेड पडतो, आणि आजोबांच्या समासांत मला जें सर्वांत आवडतें तें हेंच. ‘सिझिजी’ ह्या शब्दांत तीन वाय् आहेत, आणि इतर कोणताहि स्वर नाहीं. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेंत येणें हा त्याचा अर्थ. म्हणजे अमावास्या आणि पौर्णिमा. आजोबांनीं बाजूस लिहिलें आहे: ‘पर्व. सं + युग.’ ग्रीक ‘सिन्’ म्हणजे ‘सह’, व ‘झिगॉन’ म्हणजे जूं. तें आपल्या ‘युग’ शब्दाचें सख्खें भावंड. ज्याची आजी पंचांगांत पर्वकाल पाहून स्नानास निघत असे, त्याला हा शब्द अपरिचित वाटावा हें चमत्कारिकच. ‘नोमन’ हा दुसरा. सूर्याची छाया मोजण्यासाठीं रोवलेली जी काठी, जिला भास्कराचार्यादि ज्योतिषी ‘शंकु’ म्हणतात, ती. आरंभीं जी आहे तो मूक. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जाणणारा’, आणि त्यांतला ‘ग्नो’ म्हणजे आपला ‘ज्ञा’. येथें मात्र आपण फार मान ताठ करूं नये. इंग्रजांनीं जी गिळला. आपण ‘ज्ञ’चा ‘द्न्य’ केला, हिंदी लोकांनीं ‘ग्य’ केला, आणि ज आणि ञ ह्यांचा खरा संयोग कसा ऐकूं येत असे तें आतां वैदिकांनींच सांगावें. देवनागरींत लिहावें तसें बोलतात, हा आपला अभिमानहि थोडा तपासून पाहण्यासारखा आहे. ‘चार आणे’ व ‘गुरांचा चारा’ ह्यांतले च एकच आहेत काय? परक्या माणसानें मराठी पुस्तकावरून शिकावयाचें ठरविलें, तर त्याला हें कोणतें अक्षर सांगेल?

‘एलीमॉसिनरी’ हा कायद्यांतला शब्द मीं समासांत पाहीपर्यंत ऐकलाहि नव्हता. ‘धर्मादाय’ हें त्याचें मराठी. ज्या ग्रीक शब्दापासून हा लांबलचक शब्द निघाला, त्याच्यापासूनच ‘आम्झ’ म्हणजे भिक्षा हा एका अवयवाचा शब्द झाला आहे. एक ग्रंथांत राहिला म्हणून अखंड राहिला. दुसरा शेंकडों वर्षें भिक्षेकऱ्यांच्या तोंडीं झिजला.

आघाताविषयीं आजोबांचें म्हणणें असें कीं, निदान आपल्या लोकांनीं तरी त्यास क्षुल्लक समजूं नये. त्वष्ट्यानें इंद्रास मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला, परंतु ‘इंद्रशत्रु’ शब्दांतला उदात्त स्वर शेवटीं द्यावयाचा तो आरंभीं दिला. तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला. ‘इंद्रास मारणारा’ असा अर्थ जाऊन ‘इंद्र ज्यास मारील असा’ हा अर्थ आला, आणि वृत्र मारला गेला. इंग्रजींतहि एका स्वरानें असेच अनर्थ होतात. ‘इन्व्हलिड’ असा आरंभीं आघात दिला तर अर्थ ‘आजारी मनुष्य’. ‘इन्व्हॅलिड’ असा मध्यें दिला तर ‘बेकायदा’. आजोबांचे एक वकीलमित्र प्रतिपक्षाचें मृत्युपत्र बेकायदा आहे असें तासभर सांगत होते, आणि साऱ्या कोर्टास तें आजारी असल्याचें ऐकूं येत होतें.

हें सारें विनोदाचें झालें. परंतु ह्या कोशांत पी अक्षराखालीं आणखी एक शब्द आहे, आणि त्याच्याजवळ विनोद नाहीं.

आजोबांचे धाकटे बंधु मुंबईस एका पेढीवर कारकून होते. १९२४ सालीं ते खोकला व बारीक ताप घेऊन गांवीं परत आले. जिल्ह्याच्या गांवच्या डॉक्टरांनीं त्यांना तपासलें, आजोबांस बाजूस घेतलें, आणि इंग्रजींत एक शब्द सांगितला: ‘थायसिस’. त्याचा अर्थ विचारण्याचा आजोबांस संकोच वाटला. शिकलेल्या माणसानें डॉक्टरांस इंग्रजी शब्दाचा अर्थ कसा विचारावा? त्यांनीं घरीं येऊन टी-एच् खालीं शोध केला. शब्द सांपडला नाहीं. एस् लावून, सी लावून, वाय् लावून पाहिला, सांपडला नाहीं. ज्याला कोशांत जागा नाहीं तो रोग मोठा नसावा, असें त्यांनीं आपल्या मनाचें समाधान करून घेतलें, आणि वहिनींना व आईला सांगितलें कीं काळजीचें कारण नाहीं. तीन आठवड्यांनीं औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनीं तो शब्द लिहून दिला. त्याच्या आरंभीं पी होता: पी, एच्, टी, एच्, आणि मग पुढचें. आजोबांनीं तें पान उघडलें. अर्थ एका ओळीचा होता. क्षय.

पूर्वीं ते डोळ्यांनीं फसत. त्या वेळीं कानानें फसले. त्या काळीं ह्या रोगावर औषध नव्हतेंच. स्ट्रेप्टोमायसिन निघालें तें १९४३ सालीं. तेव्हां तीन आठवडे आधीं कळून कांहीं अधिक झालें असतें असें नाहीं. तरी घरांतल्या माणसांना आपण तीन आठवडे खोटा धीर दिला, हें शल्य त्यांच्या मनांतून गेलें नाहीं. ह्या शब्दाच्या व्युत्पत्तीची टीपहि समासांत आहे, ती बरीच मागाहून, निराळ्या शाईनें लिहिलेली. ग्रीक भाषेंत ‘फ्थि’ ह्या धातूचा अर्थ झिजणें, नाहींसें होणें. आणि संस्कृत ‘क्षि’ ह्या धातूचें तें भावंड. ज्या फ-थमुळें तो शब्द कोशांत सांपडला नाहीं, तो आपल्या ‘क्ष’चाच अवतार निघाला. घरांत सर्वांस ठाऊक असलेला शब्द परका वेष घेऊन आला होता.

कोशकारांच्याहि हातून शब्द हरवतात, हें कळल्यावर आजोबांना थोडें बरें वाटलें असतें. ऑक्सफर्डचा महाकोश ज्यानें उभा केला तो जेम्स मरे हा स्कॉटलंडच्या एका खेड्यांतल्या शिंप्याचा मुलगा. चौदाव्या वर्षीं शाळा सुटली, पुढचें सारें स्वतः शिकला. १८७९ सालीं त्यानें काम हातीं घेतलें, १८८४ मध्यें पहिला भाग निघाला, १९१५ मध्यें तो वारला, आणि कोश संपला १९२८ सालीं; त्यांत ४,१४,८२५ शब्द होते. लक्षावधि चिठ्ठ्या पत्र्याच्या एका खोपटांत खणांत लावून ठेवलेल्या असत. इतक्या व्यवस्थेंतूनहि ‘बाँडमेड’, म्हणजे दासी, ह्या शब्दाची चिठ्ठी कोठें तरी पडली, आणि १८८८ च्या पहिल्या खंडांत तो शब्दच आला नाहीं. उलट अमेरिकेंत वेब्स्टरच्या १९३४ च्या मोठ्या आवृत्तींत ‘डॉर्ड’ असा एक शब्द छापला गेला. अर्थ दिला होता ‘घनता’. घनतेसाठीं मोठा किंवा लहान डी वापरावा, अशी सूचना एका चिठ्ठीवर होती; ‘डी ऑर डी’ हीं अक्षरें कोणीं तरी जोडून वाचलीं. पांच वर्षांनीं, १९३९ मध्यें, एका संपादकास दिसलें कीं ह्या शब्दास व्युत्पत्ति नाहीं, तेव्हां चोर सांपडला. मौज अशी कीं, जो शब्द जगांत कोणीहि कधीं उच्चारला नव्हता, त्याचाहि उच्चार त्या कोशांत व्यवस्थित दाखविला होता.

आपल्याकडून तिकडे गेलेल्या शब्दांची तऱ्हा पाहिली म्हणजे हिशेब थोडा फिटतो. ‘मंगूस’ हा प्राणी इंग्रजींत आपल्या मुंगुसावरून गेला. त्याचें अनेकवचन करतांना इंग्रज मुलें अजून अडखळतात, कारण ‘गूस’चें ‘गीस’ होतें मग ‘मंगूस’चें ‘मंगीस’ कां होऊं नये? मुंगुसाचा बदकाशीं संबंध नाहीं, हें उत्तर त्यांना मराठी येत असतें तर सुचलें असतें. ‘डुलॅली’ हा शब्द तर नाशिकजवळच्या देवळालीचा. मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना विलायतेचें जहाज मिळेपर्यंत देवळालीच्या छावणींत ठेवीत. जहाजें ठराविक महिन्यांतच सुटत, आणि काम नाहीं, सुटका नाहीं, अशा स्थितींत कित्येकांचीं डोकीं फिरत. त्याला ते ‘डुलॅली टॅप’ म्हणूं लागले. ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. आज इंग्लंडांत एखादा भ्रमिष्टासारखा वागूं लागला तर त्यास ‘डुलॅली’ म्हणतात, आणि म्हणणारांपैकीं बहुतेकांना तें एक गांव आहे ह्याची वार्ताहि नसते. शीवचें सायन आणि खडकीचें कर्की करणारांना आपल्या आजोबांचें ‘पुइस्ने’ ऐकून हंसूं आलें, हें मला अजून मोठें आश्चर्याचें वाटतें.

परंतु हंसणारांत मीहि होतों, तें सांगितल्यावांचून सुटका नाहीं. १९६१ सालीं मी अकरा वर्षांचा होतों, आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जात होतों. पावसाळ्यांत मला ताप भरला. आजोबा कचेरीचा व्याप सोडून कधींच घरीं बसले होते. ते माझ्या उशाशीं आले, कपाळावर हात ठेवून पाहिला, आणि माझी करमणूक व्हावी म्हणून इंग्रजींत म्हणाले कीं, तुझें ‘फॉरिड’ अजून गरम आहे. मी मोठ्यानें हंसलों. “आजोबा, तुम्ही चुकतां,” मी म्हणालों, “‘फॉरिड’ नव्हे, ‘फोअरहेड’. आमच्या बाईंनीं सांगितलें आहे.” त्यांनीं हात काढून घेतला. “असेल बाबा,” एवढेंच म्हणाले. आई दारांत उभी होती. तिनें मला डोळ्यांनीं दटावलें, परंतु मला माझ्या विद्वत्तेचा आनंद आवरत नव्हता. त्यानंतर ते माझ्याशीं इंग्रजींत बोलल्याचें मला आठवत नाहीं.

१९६८ सालीं ते गेले. पुढच्या वर्षीं कॉलेजच्या ग्रंथालयांत डॅनियल जोन्सचा उच्चारकोश माझ्या हातीं लागला. हा १९१७ सालीं प्रथम निघाला, आणि पुढें अर्धे शतक ह्या विषयांत त्याच्या बरोबरीचा दुसरा नव्हता. त्यांत कपाळाचा पहिला उच्चार ‘फॉरिड’ असाच दिला आहे. जुने इंग्रज तसेंच म्हणत. त्याचप्रमाणें ते ‘वेस्टकोट’ला ‘वेस्किट’ म्हणत. पुढें शाळा वाढल्या, छापील अक्षर घरोघर गेलें, आणि इंग्रजांचींच मुलें डोळ्यांनीं इंग्रजी शिकूं लागलीं. त्यांनीं स्पेलिंग पाहून ‘फोअरहेड’ म्हणावयास सुरुवात केली, आणि तेंच आतां रूढ होऊन बसलें आहे. बी.बी.सी.नें १९२६ सालीं उच्चार ठरविण्यासाठीं एक मंडळ नेमलें होतें. राजकवि रॉबर्ट ब्रिजेस त्याचे अध्यक्ष, मागाहून बर्नार्ड शॉ. एवढ्या मोठ्या माणसांच्यानेंहि हा ओघ थोपला नाहीं. १९६१ सालीं आजोबा चुकले नव्हते. ते एका पिढीनें जुने झाले होते, इतकेंच.

आतां आमच्या घरांत उच्चारावरून वाद होत नाहींत. माझी नात मोबाइलवर शब्द लिहिते, बोट ठेवते, आणि कोणी तरी बाई तो शब्द आपल्याला दोनदां म्हणून दाखविते. एकदां लंडनच्या पद्धतीनें, एकदां अमेरिकेच्या. परवां तिला हा जुना कोश दाखवीत होतों. तिनें ‘प्यूनी’चें पान काढून समासांतला ‘अनुज’ शब्द वाचला, आणि विचारलें, “आबा, ह्याच्याखालीं तारीख कसली आहे?” मीं इतकीं वर्षें तें पान पाहिलें होतें, परंतु शाई फार फिकी, म्हणून ती ओळ कधीं लागली नव्हती. तिनें मोबाइलचा दिवा धरला. भाद्रपद वद्य पंचमी, शके १८४६. पंचांगाच्या हिशेबानें तें १९२४ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस येतें. मग आम्ही दोघांनीं मागें जाऊन पी-एच् चें पान उघडलें. तेथें व्युत्पत्तीच्या टीपेखालीं, त्याच फिक्या शाईनें, तीच तिथि होती.